वाढत्या अंगाची सायकल

देवपूर, धुळे
१७ डिसेंबर २०२४

ती. आबा,

पाया पडते. कागदावरून पडते म्हणून कमी धरू नका. पत्र बघून घाबरूही नका. तब्येत चांगली आहे, मेसचं जेवण नेहमीसारखंच वाईट आहे आणि बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष कसंबसं चाललंय. आईच्या गुडघ्याला तेल लावता ना? कापसाच्या वेचणीला बाया मिळाल्या का?

आता बातमी. परवा रविवारी धुळ्याची ऐंशी किलोमीटरची सायकल शर्यत झाली. मुलींमध्ये मी पहिली आले. पहिली, आबा. दुसरी आलेली नाशिकची मुलगी माझ्यामागून तीन मिनिटांनी पोचली.

हो, तीच शर्यत. दोन वर्षांपूर्वी तुम्ही जीप भरून माणसं आणली होती, हार आणला होता, आणि मी लळिंगच्या घाटात सायकलवरून उतरून टेम्पोत बसून परत आले होते. पोटात दुखतंय म्हटलं. सगळ्यांसमोर तुम्ही म्हणालात, "तुन्हामा दमच नही शे." त्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी धड बोलला नाहीत. मला राग आला होता, अजून आहे. पण त्याहून वाईट म्हणजे मला ते खरं वाटलं होतं.

पोटात दुखत नव्हतं. ते खोटं होतं.

खरं काय दुखत होतं ते बापाला कसं सांगायचं? आज लिहिते, अवघड वाटलं तर पुढच्या दोन ओळी सोडा. ती अरुंद सीट मला बसतच नव्हती. बसायच्या जागी सोलून निघालं होतं, नंतर तर सगळं बधिर व्हायचं. हँडल इतकं लांब की वाकून वाकून मान धरायची. आणि उतारावर ब्रेकच्या दांडीला माझ्या बोटांची नुसती टोकं टेकायची. मागून ट्रक, पुढे वळण, आणि ब्रेक धड लागेना. मी घाबरून उतरले. थकून नाही.

सायकल मोठी होती, आबा.

जळगावच्या दुकानात एकाच किमतीच्या दोन होत्या, आठवतं? तुम्ही दोन्ही उचलून पाहिल्या आणि म्हणालात, तेवढ्याच पैशात मोठी मिळते तर लहान कोण घेतं, पोर वाढत्या अंगाची आहे. आपल्या घरात सगळं असंच येतं. शाळेचा फ्रॉक खाली दोनदा दुमडून, चपला एक नंबर मोठ्या. मीही खूश होते. घोळ एवढाच झाला की सतराव्या वर्षी मी पाच फूट एक इंचावर जी थांबले ती थांबलेच. आणि तुम्ही पद्मालयाच्या गणपतीला नेऊन जिच्यापुढे नारळ फोडला, त्या सायकलीला मी नावं कशी ठेवायची? गप्प बसले.

माझ्या घरमालकीण बेबाबाई ब्लाउज शिवतात. जूनमध्ये एकदा मी दारातून सायकल काढत होते, तर मशीन थांबवून म्हणाल्या, "बाई, हाई तुन्हा मापनी नही शे." मी म्हटलं, सायकलला कसलं आलंय माप? त्या चिडल्याच. मला भिंतीशी उभं केलं, टेपने खांदे, हात, पायाची आतली लांबी, सगळं घेतलं आणि ब्लाउजच्या चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी घेऊन मी जळगावला हितेंद्रभाऊंच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेले. ते आधी हसले, मग त्यांनी स्वतः मोजून पाहिलं. एकही आकडा चुकलेला नव्हता.

त्यांनी माझ्या खांद्यांइतकं हँडल बसवलं, मागे रुंद असलेली सीट दिली. ब्रेकच्या दांडीत एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की दांडी बोटांजवळ येते. एवढंसं काम हो! मला तिथेच रडू आलं. हितेंद्रभाऊ बिचारे गडबडून चहा सांगायला गेले.

पण फ्रेम काही आखूड होईना. आता इतका वेळ टाळलं ते लिहिते. तुमची निळी फ्रेम मी देऊन टाकली. पाचोऱ्याच्या एका सहा फुटी मास्तरांनी ती घेतली, आणि मी लहान फ्रेम घेतली. चाकं, गिअर, ब्रेक, तुम्ही घेतलेलं बाकी सगळं तिच्यावर चढवलं. फक्त मागच्या चाकावरची दातेरी चक्रं, कॅसेट म्हणतात तिला, ती मोठी घातली, म्हणजे चढावर पाय हलके फिरतात. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात आणि मी पुन्हा गप्प बसले असते.

परवा त्याच घाटात दोघी माझ्यापुढे होत्या. मी हलका गिअर टाकला आणि बसूनच पाय फिरवत राहिले. एक चढावरच मागे पडली. नाशिकची उतारावर जपून चालली होती. मी ब्रेक हवा तेवढा दाबला, हवा तेवढा सोडला आणि तिच्या बाजूने निघून गेले. मी ओरडत होते, आबा. काय ओरडत होते ते विचारू नका. शेवटचे वीस किलोमीटर पुढे कोणी नव्हतं आणि मागे मी पाहिलं नाही. बेबाबाई शिलाई टाकून आल्या होत्या आणि दिसेल त्याला सांगत होत्या, "माप मन्हं शे!"

मोठी सायकल तुम्ही मायेनेच घेतली, हे मला कळतं. पण दम होता, आबा. तेव्हाही होता. ते मला एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय. माझा आवाज आला की तुम्ही फोन आईच्या हातात देता, म्हणून हे कागदावर लिहिलं. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी फोन करेन. फ्रेम दिली म्हणून शिव्या द्यायच्या तर पोटभर द्या. फक्त तुम्ही स्वतः द्या.

शर्यत जिंकून रविवारची वाट बघत बसलेली,
तुमची दिपमाला