नोव्हेंबरातला प्रश्न

अहो,

तुम्ही गेल्यापासून तुमच्या पेन्शनसाठी दर नोव्हेंबरात मी जिवंत असल्याचं बँकेत जाऊन दाखवावं लागतं. आज मुलुंडच्या शाखेतल्या मुलीने तोंडासमोर मोबाइल धरून मला डोळे मिचकावायला लावले. मग ती मान खाली घालून म्हणाली, "आजी, पुन्हा लग्न नाही ना केलं?"

"नाही गं," मी म्हटलं. खरंच आहे ते. केलं तर पेन्शन बंद.

बाहेर बाकावर गुप्ते माझी पिशवी सांभाळत बसले होते. आपल्या खालच्या मजल्यावरचे, तेही एकटेच. म्हणाले, "आहात ना जिवंत? चला मग, इडली खाऊ."

हल्ली संध्याकाळचा चहा मी त्यांच्याकडेच घेते. तुम्हांला राग आला तरी मला कळायची सोय नाही, ते बरंच आहे.

बँकेपुरती तुमचीच,
शालन