क्रुसाखालची हातभर भिंत

माझातलान, ४ मे

बाबा,

तुमचा आशीर्वाद मागून लिहायला बसलो. मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं.

आमच्या मत्स्यालयाच्या भिंती समुद्राकाठी उभ्या राहिल्या. आर्किटेक्ट बाईंना इमारत पाण्यातून वर आलेल्या जुन्या अवशेषासारखी हवी आहे, म्हणून भिंती खडबडीत. मी मात्र सवयीने दाराजवळची अख्खी भिंत तुम्ही शिकवलीत तशी, गालासारखी गुळगुळीत केली. बाईंनी हात फिरवला. "एवेलियो, काम सुरेख आहे. आता छिन्नी घे आणि सगळं खडबडीत कर."

दोन दिवस छिन्नी मारली. बाकीचे गवंडी म्हणाले, "बापाला कळवू नकोस रे."

काल आम्हा गवंड्यांचा क्रुसाचा सण. कागदी फुलांचा क्रूस त्याच भिंतीवर लावला. बाई आम्हाला वाढत होत्या, तेव्हा मी क्रुसाखाली थोडी जागा पुन्हा गुळगुळीत करायला मागून घेतली. "हातभरच," त्या म्हणाल्या.

डॉक्टर तुमच्या डोळ्यांबद्दल काय म्हणाले, ते आईने लिहिलं नाही. त्यावरूनच समजलो.

उद्घाटनाला या. दारातून आत आलात की उजवा हात भिंतीवर ठेवून चालत राहा. खडबडीत संपेल तिथे मी उभा असेन.

तुमचाच,
एवेलियो