दोन कॅम्पसवर एक संतोष

शनि., १० जाने.
आजचा वर्ग फुजैरा कॅम्पसला, दुबईपासून दीड तासावर. लॉजिस्टिक्सवाल्यांनी बंदर बघायला हवं म्हणे. ड्रायव्हर सारखा "यल्ला, यल्ला" करत घाई लावत होता. मागे खडखडीत तपकिरी डोंगर, समोर समुद्र, त्यात ओळीने थांबलेली जहाजं. बेचाळिसाव्या वर्षी वर्ग सुटल्यावर समुद्र बघायला इतकं बरं वाटेल, असं वाटलं नव्हतं.

कडुनिंबाखाली डबा. सोबत संतोष, आमच्या वर्गातला एकटाच दुसरा मराठी. सावंतवाडीकडचा, साइटवर परांच्या बांधतो. डिप्लोमा झाला की कंपनी त्याला स्टोअरमध्ये घेणार. "वयनी, आता वर चढताना पाय कापतत," म्हणाला. अर्धी पोळीभाजी त्यालाच दिली.

घरी येऊन बघते तर त्याचं कॉलेजचं कार्ड माझ्या पिशवीत. वेंधळा. फोन करून सांगितलं, पुढच्या वर्गाला देते.

शनि., १७ जाने.
अजमान कॅम्पस. पोचते तोच संतोषचा फोन. या आठवड्यात साइट फुजैऱ्याला, फोरमन सोडत नाही. "माझा कार्ड तेवढा लावशात? एक हजेरी कमी पडली तर परीक्षेक बसाक देवचे नाय."

त्यात काय एवढं! पुण्यात तीन वर्षं मैत्रिणींचं "येस सर" आवाज बदलून मीच द्यायचे. दोन वाजता मशीनवर आधी माझं कार्ड लावलं, मग त्याचं. वर्ग संपल्यावर खाडीवर फ्लेमिंगो बघत बसले. मस्त दिवस.

सोम., १९ जाने.
संतोषला कॉलेजची मेल. शनिवारी दोन वाजता तो अजमानच्या वर्गात होता आणि दोन वाजताच फुजैऱ्याच्याही वर्गात होता. खुलासा द्या.

झालं असं, की फोरमनने ऐनवेळी सोडलं. आम्हाला कुठल्याही कॅम्पसवर बसता येतं, म्हणून हा तिथल्या वर्गात धावला, मोबाइलवरून हजेरी लावली. मला कळवायचं राहून गेलं! इमानदारीत वर्गाला गेला आणि त्यातच अडकला.

गैरवर्तन ठरलं तर कॉलेज कंपनीला कळवणार. मग स्टोअर खलास. पुन्हा परांच्या.

मंगळ., २० जाने.
अवि म्हणतो, "तू कशाला मध्ये पडतेस? तुझं नाव आहे का कुठे?" सई तर वहीतून डोकंही वर न काढता, "आई, दॅट्स चीटिंग. जस्ट टेल देम." एवढं बोलून बापलेक जेवायला बसले.

मशीनवर कॅमेरा असेल? दिवसभर तेच. संतोषचं काय होईल यापेक्षा माझं काय होईल याचीच भीती जास्त वाटतेय, आणि त्याची लाज वाटतेय. वीस वर्षांनी हातात पुस्तक आलंय...

संतोषला फोन केला. "तुमी काय एक बोलू नकात. मी बघतंय." काय बघणार हा?

बुध., २१ जाने.
ठरलं. उद्या स्वतः जाऊन सांगायचं. अविला सांगितलं. संतोषला मुद्दाम सांगितलं नाही, नाहीतर अडवलं असतं त्याने.

गुरु., २२ जाने.
दुबई कॅम्पस, मुख्य ऑफिस. रजिस्ट्रार मॅडमसमोर एका दमात सगळं ओकले. कार्ड माझ्याकडे होतं, त्याने फोनवर सांगितलं, मी लावलं, चूक माझी.

मॅडमनी शांतपणे ऐकलं. मग फाइलमधून एक कागद काढून पुढे सरकवला. संतोष नुकताच देऊन गेला होता. कार्ड दहा तारखेला हरवलं, कोणी लावलं ते माहीत नाही. खाली सही.

"यातलं खोटं कोण बोलतंय? तो की तुम्ही?"

एका हजेरीसाठी कदाचित समज देऊन सोडलं असतं त्याला. आता सहीनिशी खोटं लिहून दिलेलं, आणि ते खोटं असल्याचं मीच सांगून बसले. चांगुलपणा करायला गेले होते! "सोमवारी कमिटी आहे. इन्शाल्ला," एवढंच म्हणाल्या.

गेटबाहेर चहाच्या दुकानातून हाक आली. संतोष. बसची वाट बघत बसलेला.

"वयनी, तुमी हय? काम झाला. तुमचा नाव खंयच येवचा नाय." एवढा मोकळा हसताना त्याला कधी पाहिलं नव्हतं. माझ्यासाठीही चहा मागवला.

मी तो प्यायले. अजून सांगितलेलं नाही.