पावसाशिवाय येणारं पाणी

९ मार्च
नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या डॉटचा फोन. "अगं, पाणी निघालं गं!"
इथे आभाळ कोरडं ठणठणीत. पाऊस पडला जानेवारीत, तोही पार उत्तरेला, क्वीन्सलँडमध्ये — आणि पाणी आत्ता कुठे रांगत येतंय. नदीकाठी ज्याच्या दारावरून ते गेलं, त्याने खालच्याला कळवायचं, ही आमच्याकडची रीत.
आमचा म्हातारा, क्लेम, लगेच शेडमध्ये पळाला. म्हणजे, काठी टेकत. नावेला रंग द्यायला!

११ मार्च
रविवारी जॅनीन येणार, आम्हां दोघांना तिच्याकडे न्यायला. कायमचं. क्लेमचं हृदय असं, आणि दवाखाना चार तासांवर. लेकीचं चुकतंय कुठे? खोकी भरली. किटली शेवटची.
क्लेमचा एकच हेका, "गावापुढचं तळं भरलेलं बघितल्याशिवाय हलणार नाही." ही नाव त्याने बांधली तेव्हा जॅनीन शाळेत होती. तेव्हापासून तळं कोरडंच; नाव एकदाही भिजलेली नाही.

१२ मार्च
पेलिकन पक्षी आले! कोरड्या तळ्यात, आमच्या क्रिकेटच्या खेळपट्टीवर ऐटीत बसलेत. यांना कोणी फोन केला?
पबमध्ये मर्व्ह म्हणाला, "कसलं येतंय! वाळूच पिऊन टाकेल सगळं."
क्लेम म्हणाला, "तुझ्याइतकी नाही पीत रे वाळू."

१४ मार्च
आलं! गढूळ, फेसाळ, माणसाच्या चालीपेक्षा हळू. पुढे कोळी-मुंग्यांची पळापळ. एकेका भेगेत उतरतं, बुडबुडे काढतं, ती भरली की पुढच्या भेगेकडे. मी जमिनीला कान लावला. आतून गुडगुड! एवढं पाणी खाली जातं कुठे? या वयात मातीत लोळले, पण राहवेना.
क्लेम मात्र पाण्याकडे बघतच नव्हता. रस्त्याकडे बघत होता. गावात यायचा एकुलता एक रस्ता, तोही तळ्याच्या पोटातून. "तळं कसलं, माळ आहे," म्हणत आमच्या वाडवडिलांनी बांधलेला.

१५ मार्च
रस्ता पाण्याखाली. पाणी उतरायला वर्ष तरी लागेल.
जॅनीन पलीकडच्या काठावर. हात हलवतेय की मुठी दाखवतेय, इथून कळेना.
क्लेम नावेत. "चल म्हातारे, तुला लेकीकडे सोडून येतो."
सोडून *येतो*! म्हणजे हा परत इथेच.
मला त्याच्या हृदयाची भीती वाटते. फार वाटते. पण खोकं फोडून किटली काढली, चुलीवर ठेवली आणि त्याला हाक मारली — "आधी खालच्यांना फोन कर. पाणी पोचलं म्हणावं."