लुओसाहेबांचा भिडू

३ मार्च
निश्चय. पत्त्यांच्या टेबलावरचा गुळमुळीतपणा आजपासून बंद. ब्रिजमध्ये समोरच्यांनी आपल्याहून जास्त हात करायची चढी बोली लावली की वाटा तीनच: आणखी वर जा, डबल दे, नाहीतर पास म्हणून गप्प बस. डबल देणं म्हणजे "हे तुमच्याच्यानं होत नाही" असं तोंडावर सांगणं. ते बुडाले तर दंड दुप्पट, तरले तर आपलीच शोभा. मी हिवाळाभर या विषयावर वाचन केलंय. वूशी शहरात, निदान आमच्या व्हॉल्व्ह कारखान्याच्या निवृत्तांच्या खोलीत, इतकं कोणी वाचलेलं नसेल.

कारण असं की लुओसाहेबांचा भिडू नातू सांभाळायला मुलीकडे कॅनडात गेला. मेमध्ये ज्येष्ठांची ब्रिज स्पर्धा आहे. जागा एक, उमेदवार दोन: मी आणि कारखान्याच्या बालवाडीतल्या छूबाई. साहेब आमचे डायरेक्टर होते, मी जन्मभर उपहिशेबनीस. मीटिंगमध्ये त्यांच्याजवळची खुर्ची कधी मिळाली नाही. ही मिळवणारच.

६ मार्च
पहिली चाचणी. आमचे चार बदाम, त्यावर त्यांनी चार इस्पिक म्हटलं. माझ्याकडे तीन हात घरचे, साहेबांचेही पत्ते दणकट. डोळे मिटून डबल. डबलचं लाल कार्ड उचललंही होतं. तेवढ्यात साहेबांनी चहाच्या मगावर झाकण ठेवलं.

कारखान्यात साहेबांनी झाकण ठेवलं की विषय संपला, उठायचं. ज्याला हे कळलं नाही त्याची बदली गोदामात झाली. मी पास म्हटलं. ते तीन हातांनी बुडाले. साहेबांनी विचारलं, फान, डबल का नाही दिलंस? म्हटलं, समोरच्यांचा मान राखला. साहेब पत्ते पिसायला लागले. प्रभावित झाले असावेत.

१३ मार्च
आज झाकण उघडं होतं. म्हणजे पुढे चल. पाच बदाम म्हटलं. त्यांनी डबल दिलं, आम्ही चार हातांनी बुडालो. साहेब म्हणाले, कशाच्या जिवावर बोललास रे? मी सूचक हसून मगाकडे पाहिलं. ते म्हणाले, चहा गार करत होतो. थोर माणसं असलं काही कबूल करत नाहीत.

मागून छूबाई म्हणाल्या, याच्या हातात पत्ते नका देऊ, चहाचा मगच द्या. बाई फटकळ. परवा तर खुद्द साहेबांना डबल दिलं आणि निवांत सूर्यफुलाच्या बिया सोलत बसल्या. साहेब सपशेल बुडाले. अशी माणसं वर येत नाहीत.

२० मार्च
झाकणशास्त्र पक्कं केलं. बंद: पास. उघडं: वर जा. तिरकं: डबल. घरी युन्शियाला समजावलं. ती सारण भरून वॉन्टन वळत होती. म्हणाली, अहो, ही लबाडी झाली. म्हटलं, दोघांनी ठरवून केली तर लबाडी. साहेबांना पत्ताच नाही, तर लबाडी कसली? हा अनुभव आहे. ती म्हणाली, मग एकदा त्यांनाच विचारा की, झाकणाचा अर्थ काय. साहेबांना विचारायचं म्हणे. बायकोने ऑफिस पाहिलेलं नाही.

२७ मार्च
झाकण तिरकं. डबल दिलं. समोरच्यांनी बोली पुरी करून वर एक हात जास्त केला. नंतर कळलं, झाकणाची कड फुटली आहे, ते हल्ली तिरकंच बसतं. शास्त्रात किरकोळ दुरुस्ती करावी लागेल.

१० एप्रिल
स्पर्धेसारखी तालीम. टेबलावर मधोमध लाकडी पडदा, भिडूला भिडू दिसत नाही. साहेब पलीकडे, त्यांच्या बाजूला छूबाई. साहेबांचा मग दिसेना. डगमगलो नाही. कान शाबूत आहेत.

छूबाईंनी एक इस्पिक म्हटलं, साहेबांनी डबल दिलं. इतक्या खालच्या बोलीवरचं डबल ही धमकी नसते. "बाकीचे रंग माझ्याकडे आहेत, तुझा कुठला ते बोल" अशी भिडूला विनंती असते. हे शेंबडं पोरही जाणतं. माझ्याकडे चांगले सहा किलवर. तोंड उघडणार तोच पलीकडून टक्. झाकण बंद. केलं पास.

छूबाईंनी दोन हात जास्त केले, तेही दुप्पट भावाने. पडदा वर गेला तेव्हा दिसलं, टक् वाजलेला मग छूबाईंचा. साहेबांनी मग आणलाच नव्हता. डॉक्टरांनी चहा बंद केलाय म्हणे. ही गोष्ट मला आधी कळवायला हवी होती.

२४ एप्रिल
निवड. सकाळपासून वाक्य घोकत होतो: साहेब, मला तुमच्याबरोबर खेळायचंय. आरशासमोर छान जमलं. युन्शियाही म्हणाली, अगदी असंच बोला.

साहेबांनी दोघांना समोर बसवलं. म्हणाले, मी काही ठरवत नाही, तुम्हीच सांगा, कोणाला घेऊ? छूबाई म्हणाल्या, मला. फानला घ्याल तर पहिल्याच फेरीत घरी याल. साहेब माझ्याकडे वळले. रागाने नाही, मायेने. म्हणाले, बोल बाबा. इतकी वर्षं ओळखतो तुला, एकदा तरी स्वतःचं काही बोल.

मी उभा राहिलो. म्हणालो, साहेब म्हणतील तसं.

साहेबांनी माझ्यावरची नजर काढली. मग छूबाईंना म्हणाले, उद्यापासून सरावाला या.

घरी येऊन युन्शियाला सांगितलं, मोठ्या मनाने माघार घेतली. ती म्हणाली, माघार घ्यायला आधी पुढे जावं लागतं हो. मग तिने डुकराच्या गोड बरगड्या वाढल्या, स्वतःच्या वाडग्यातल्याही मला दिल्या. विचारलं, फार लागलं का मनाला? म्हटलं, छे, कसलं.

फार लागलं.