कुर्डूची भाजी आणि रामजीचे भुंगे

चिंचपोकळी,
दसरा उलटून चार दिवस, १९५८

ती. अक्कास,
तुळशीदासाचा साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? इथे आम्ही सगळे ठीक, म्हणजे तब्येतीने. मनाने कसे, ते पुढे वाच आणि भावोजींना दाखवू नकोस (ते हसतात).

आषाढात तू कुर्डू, टाकळा नि कुंभ्याचं बी फडक्यात बांधून पाठवलंस, त्याचं हे रामायण. ते मागवलं होतं शेजारच्या रामजीसाठी. बावीस वर्षं गिरणीच्या साळखात्यात मागांचा खडखडाट ऐकून त्याचे कान निम्मे गेलेत. पुरते जायच्या आत भुंगे आणि रानमाश्या गुणगुणताना एकदा ऐकायच्या, एवढंच त्याच्या मनात होतं. चाळीत नळाला पाणी तासभर (त्यात आंघोळ करायची की गुलाबाला घालायचं?), तेव्हा पाऊस सरल्यावर पाण्यावाचून फुलणारी माळावरची झाडंच हवीत, हे त्याचंच डोकं. घासलेटचे सतरा डबे आम्ही दोघांनी गच्चीवर चढवले. माती त्याने वाहिली, सूचना मी केल्या.

श्रावणात रोपं वीतभर झाली आणि एका संध्याकाळी पाहतो तो डबे रिकामे, सगळं मुळासकट उपटलेलं. माझं डोकं फिरलं. रामजीच्या दारातून लसणाच्या फोडणीचा वास येत होता, तेवढा पुरावा मला पुरला. त्याच संध्याकाळी चाळीत संयुक्त महाराष्ट्र समितीची सभा होती. मुंबई कशी मिळवायची हे ठरत असताना मी उठून म्हणालो की ज्यांना सतरा डबे राखता येत नाहीत ते मुंबई काय राखणार, आणि बोट रामजीकडे केलं. (सत्याग्रहात माझ्या वाटची लाठी त्याच्या पाठीवर बसली होती, हे तेव्हा आठवायला हवं होतं.) एरवी त्याला तीनदा सांगावं लागतं, पण हे नेमकं ऐकू गेलं. एवढंच म्हणाला, "तुळशी, मी फुलांची वाट बघत होतो रे." आणि उठून गेला. तेव्हापासून बोलणं बंद.

दसऱ्याला जेवताना मी कांताजवळ पुन्हा तेच गाऱ्हाणं काढलं. ती वाढता वाढता म्हणाली, "अहो, ती भाजी तुम्हीच दोनदा मागून खाल्लीत." गावची भाजी उगवलीय म्हणून तिने उपटली, मजल्यावरच्या बायकांना वाटली, उरलेली मला वाढली. (रामजीकडची फोडणी शेपूची होती म्हणे.) कोकणातल्या बाईला कोवळा पाला दिसल्यावर ती फूल येईपर्यंत थांबेल कशी? पण मी तरी ओळखायला हवं होतं. आईच्या हातची चव आली म्हणून तिला शाबासकी दिली होती मी. फार लाज वाटते, अक्का.

तुझा धाकटा,
तुळशीदास

ता.क. खरं काम हे. थोडं बी पुन्हा पाठव, पण रामजीच्या नावे, आणि सोबतच्या चिठ्ठीत लिही की भाजी माझ्या भावाने खाल्ली. मी सांगायला तीनदा त्याच्या दारापर्यंत गेलो आणि तीनदा नळाला पाणी आलं का बघून परतलो.

आणखी एक. टाकीमागे कुर्डूचं एक रोप वाचलं होतं. काल त्याला तुरा आला आणि त्यावर भुंगाही आला. मी गच्चीवरून रामजीला हाक मारली. तो खाली अंगणात पाठमोरा उभा होता. हाक ऐकूनही तो वळला नाही, की त्याला ऐकूच आली नाही, ते मला कळलं नाही. बी लवकर पाठव.