नकाशांच्या खोलीचा वेढा

३ जुलै
मुख्याध्यापिका बाईंनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाल्या, आठवी ब तुमच्या तासाला झोपते. मी म्हटलं, मनन करते. त्या म्हणाल्या, घोरत? मग मुद्द्यावर आल्या. २१ तारखेला तपासणी अधिकारी येणार. वर्ग जागा दिसला नाही, तर इतिहासाच्या चार तासांपैकी शुक्रवारचे दोन गणिताच्या मास्तरांना.
अठरा वर्षांच्या नोकरीत एक तास कुणाला दिलेला नाही! आणि द्यायचा तो त्या माणसाला?
संकल्प : उद्यापासून पुस्तक वाचून दाखवणं बंद. सगळं ॲक्टिव्हिटीतून. पोरं इतिहास नुसता शिकणार नाहीत, जगतील.

४ जुलै
ॲक्टिव्हिटी पहिली : दरबार. वर्गात चाळीस पोरं. सव्वीस राजे निघाले, अकरा सेनापती. दोघं पाणी प्यायला गेले ते गेलेच. प्रजा एकच, तीही शेवटच्या बाकावर डोकं टेकून. आधी राज्याभिषेक कुणाचा यावरून जुंपली. एका राजाचा बूट खिडकीबाहेर गेला. गणिताचे मास्तर दारातून डोकावून म्हणाले, काही मदत हवी का? जळतात, दुसरं काय.
आमची कन्या याच वर्गात. घरी तिला विचारलं, तू कोण झाली होतीस? म्हणाली, शेवटच्या बाकावरची प्रजा. डोकं दुखत होतं का? नाही, लाज वाटत होती.
या वयात मुली लाजाळू होतातच.

१० जुलै
सनावळीची दोरी. कपडे वाळत घालायची लांब दोरी, तिला चिमट्यांनी सनांच्या चिठ्ठ्या. कल्पना माझी, चिमटे सौ.चे. (तिला विचारायचं राहिलं.) मधल्या सुट्टीत पोरांनी दोरी काढून उड्या मारल्या. एकीने तीनशे वर्षं न अडखळता पार केली म्हणे. सहभाग शंभर टक्के!
चिमटे बावीस नेले, पाच आणले. सौ. काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

१४ जुलै
वाया गेलेला दिवस. घसा पार बसला. ॲक्टिव्हिटी अशक्य. बाकावर बसून हळू आवाजात एका राजाची गोष्ट सांगितली. त्याने तहाचा कागद न वाचताच सही केली आणि राज्य घालवलं. पोरांना बजावलं, काय वाटेल ते करा, पण न वाचता सही करायची नाही. मूर्खाचं लक्षण.
बेल झाली तरी कुणी उठेना. कंटाळून झोपली म्हणावीत, तर डोळे उघडे.
कन्येने जेवताना विचारलं, बाबा, त्या राजाचं पुढे काय झालं? म्हटलं, आधी ताटातलं संपव.

१९ जुलै
तपासणीसाठी हुकमी एक्का : वेढा! नकाशांची खोली म्हणजे किल्ला. आत मी. बाहेरून आठवी ब. वेढा कसा घालतात, रसद कशी तोडतात, बोलणी होईपर्यंत ओलीस का ठेवतात, सगळं समजावलं. ताकीद दिली, तह झाल्याशिवाय एकानेही जागचं हलायचं नाही. पोरांनी चक्क वह्यांत लिहून घेतलं. मला भरून आलं.

२१ जुलै, सकाळी ६
आज इतिहास घडणार.

२१ जुलै, ११.१० (एका जुन्या नकाशाच्या पाठीवर)
किल्ल्यात प्रवेश केला. पोरांनी बाहेरून कडी घातली. ओलीस म्हणून माझा चष्मा दिला. खरेपणा हवा.

११.४०
तास संपला. कडी निघाली नाही. दार वाजवलं. उत्तर आलं, सर, तह झालेला नाही.

१२.०५
शिपाई चहा घेऊन आला होता. रसद तोडण्यात आली. फुरके इथपर्यंत ऐकू येताहेत.

१२.२०
बाहेर बाई आणि अधिकारी. अधिकारी प्रश्न विचारताहेत, पोरं धडाधड उत्तरं देताहेत. एकही चूक नाही! मी आतून शाबास म्हणालो. कुणी लक्ष दिलं नाही.

१२.३०
दाराखालून कागद आला. तह. चष्म्याशिवाय नुसत्या मुंग्या दिसतात. पोटात कावळे ओरडताहेत. कलमं काय, मीच शिकवलेली असणार. सही केली.

२१ जुलै, संध्याकाळी
(अक्षर मोठं येतंय.)
कन्येने तह वाचून दाखवला. कलम एक : शुक्रवारचे दोन्ही तास आठवी ब मैदानावर खेळेल. कलम दोन : दरबार, दोरी, वेढा कायमचे बंद. खाली साक्षीदार म्हणून बाईंची सही. शिक्क्यासकट! अधिकाऱ्यांचा शेरा : 'विद्यार्थ्यांना तह उत्तम समजला आहे. शिक्षकांनाही समजेल.'
म्हणजे जे दोन तास वाचवायला एवढा खटाटोप केला, ते मीच लिहून दिले. तरी गणिताच्या मास्तरांना एकही मिळाला नाही. याला विजयच म्हणायचं. सौ. एवढी का हसली, कळलं नाही.
कलम तीन वाचताना कन्या अडखळली. 'उरलेल्या दोन तासांत सरांनी बाकावर बसून गोष्ट सांगावी. त्या दिवशीसारखी. घसा बसलेला असला तरी चालेल.' कुणी घातलं हे कलम, विचारलं. ती कागदाची घडी करत बसली. माझ्याच घरात फितुरी! खरं सांगायचं तर वाईट वाटलं नाही. छातीत जरा ऊन ऊन झालं.
मग चष्मा मागितला. तर म्हणाली, ओलीस परत करायचं कलमच नाही तहात. सोमवारी त्या राजाचं पुढे काय झालं ते सांगा, मग वर्ग विचार करेल.
त्या राजाचं पुढे काय झालं, ते मला आठवत नाही. पुस्तकात बघावं लागेल. चष्मा लावून.